ड्रायलाइनच्या मागावर : ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस, कोलोरॅडो

दिवस पहिला : नॉर्मन

टोर्नेडोच्या प्रदेशात फिरायचं तर पहिला मुक्काम ओक्लाहोमातल्या नॉर्मनला करावा. आकाशात काही दिसेल म्हणून नाही, तर सगळ्या अमेरिकेचा वादळांचा अंदाज इथे तयार होतो म्हणून. नॅशनल वेदर सेंटरची इमारत २००६ सालची. स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, वादळांवर संशोधन करणारी नॅशनल सिव्हिअर स्टॉर्म्स लॅबोरेटरी, हवामान खात्याचं स्थानिक कार्यालय आणि ओक्लाहोमा विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग हे सगळं तिथे एका छपराखाली आहे.

तिथून उत्तरेला थोड्याच अंतरावर टिंकर हा हवाई दलाचा तळ लागतो. २० मार्च १९४८ ला या तळावर टोर्नेडो आदळला आणि विमानांची मोठी हानी झाली. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या तळावरच्या दोन हवामान अधिकाऱ्यांना कारण शोधायचं काम मिळालं. त्यांनी जुने नकाशे काढून टोर्नेडोच्या दिवशी हवेत काय काय एकत्र येतं ते टिपलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर तीच मांडणी पुन्हा दिसली. दोघांनी इशारा दिला, विमानं आत घेतली गेली आणि संध्याकाळी टोर्नेडो त्याच तळावरून गेला. त्या काळी नागरी हवामान खातं अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरायलाच तयार नव्हतं, लोक घाबरतील म्हणून.

त्या दोघांनी शोधलेली यादी थोडी सुधारून आजही चालते. जमिनीलगत भरपूर ओलावा हवा. वर थंड हवा हवी, म्हणजे खालची उबदार हवा एकदा उठली की उठतच राहते. ती उठवायला एखादी सीमा हवी. आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही बदलायला हवेत. या मैदानांचा भूगोल चारही गोष्टी पुरवतो. ओलावा दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातातून येतो, कोरडी तापलेली हवा नैऋत्येच्या पठारावरून येते आणि वर पश्चिमेचा जोरदार वारा रॉकी पर्वत ओलांडून येतो. मध्ये अडवणारा डोंगर नाही.

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा अंदाज वाचताना एक गोंधळ नेहमी होतो. मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय या धोक्याच्या पाच चढत्या पायऱ्यांकडे सगळे बघतात; खरी माहिती त्याखालच्या टक्क्यांच्या नकाशात असते. 'टोर्नेडो १० टक्के' याचा अर्थ त्या पट्ट्यातल्या कुठल्याही एका ठिकाणापासून ४० किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता १० टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण मे महिन्यातल्या साध्या दिवशी हीच शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. 'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांतही गल्लत नको. वॉच मोठ्या भूभागासाठी आणि काही तासांसाठी असतं: परिस्थिती तयार आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग एका ठराविक वादळासाठी असतं, स्थानिक कार्यालय ते काढतं, आणि त्यानंतर नकाशे बघत बसायचं नसतं.

दिवस दुसरा : अमॅरिलो

ओक्लाहोमा सिटीहून आय-४० महामार्गाने पश्चिमेला अमॅरिलो ४२० किलोमीटरच्या आसपास. रस्ता सपाट वाटतो, पण तो सतत चढत असतो: ओक्लाहोमा सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे ३६५ मीटरवर, अमॅरिलो ११०० मीटरवर. या न दिसणाऱ्या चढावरच ड्रायलाइन, म्हणजे ओल्या आणि कोरड्या हवेची सीमा, घडते. आखाताची ओली हवा पश्चिमेला पसरते तेव्हा जमीन चढत गेल्याने तिचा थर पातळ होत जातो. सकाळी ऊन पडलं की पश्चिम टोकाचा पातळ थर वरच्या कोरड्या हवेत मिसळून संपतो आणि ओल्या-कोरड्याची सीमा पूर्वेला सरकते. दुपारभर ती अशीच सरकते आणि रात्री मागे येते. सीमेच्या पूर्वेला दवबिंदू (बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान; जितकं जास्त तितका ओलावा जास्त) १९–२० अंश सेल्सिअस असतो, पश्चिमेला कधी ५ च्याही खाली. गाडीतून सीमा ओलांडली तर अर्ध्या तासात आग्नेयेचा वारा नैऋत्येचा होतो आणि आकाशाचा पांढुरका रंग जाऊन निळा येतो.

सकाळी सातच्या नोंदीसाठी अमॅरिलोच्या हवामान केंद्रातून फुगा सुटतो. संध्याकाळी सातच्या नोंदीसाठी पुन्हा. फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो आणि तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतो. आजच्या आलेखावर ओलावा होता आणि वाऱ्यातला फरकही होता. वर चढणाऱ्या हवेला किती ऊर्जा मिळेल ते सांगणारा आकडा, म्हणजे केप, किलोला ३००० ज्यूलच्या पुढे होता. तेवढ्यावर हिशेबाने ऊर्ध्वप्रवाहाचा वेग सेकंदाला ७७ मीटर निघतो. पावसाचं वजन आणि आजूबाजूची हवा मिसळणं धरलं तर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. तोही लिंबाएवढ्या गारा हवेत तरंगत ठेवायला पुरेसा असतो.

एकच गोष्ट आड आली. साधारण तीन किलोमीटर उंचीवर, ७०० मिलिबारच्या पातळीवर, तापमान १४ अंश होतं. नैऋत्येच्या पठारावर तापलेली हवा वाऱ्याबरोबर इकडे सरकते आणि ओल्या थराच्या वर उबदार झाकण होऊन बसते. खालची हवा तिच्यापर्यंत पोहोचते तेव्हा आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड ठरते आणि परत खाली येते. मैदानांवर हे तापमान १२ अंशांच्या पुढे गेलं की जपून राहावं. अमॅरिलोसारख्या उंच ठिकाणी थोडी सूट मिळते, पण फार नाही.

झाकण नसतं तर तेही वाईटच. मग सकाळी दहालाच जिकडेतिकडे ढग फुटतात, ऊर्जा वाटली जाते आणि दुपारपर्यंत सगळं पावसात संपतं. झाकण दुपारपर्यंत टिकावं आणि चार-पाचच्या सुमारास एखाद-दुसऱ्या ठिकाणीच फुटावं, अशी वेळ जुळावी लागते. आज ते फुटलं नाही. ड्रायलाइनवर ढग उभे राहिले, माथे झिजत गेले, साडेसातपर्यंत आकाश मोकळं. मैदानांवरचे बरेच दिवस असे जातात आणि वादळांच्या चित्रफितींमध्ये ते कधीच दिसत नाहीत.

दिवस तिसरा : शॅमरॉक ते कॅनेडियन

सकाळच्या नकाशात दोन बदल होते. ७०० मिलिबारचं तापमान ९ अंशांवर आलं होतं, आणि न्यू मेक्सिकोवरून वरच्या हवेतली एक लाट येत होती. शॅमरॉकचा दवबिंदू २०, दुपारचं अपेक्षित तापमान २९. या दोन आकड्यांतून ढगाच्या तळाची उंची तोंडी काढता येते: फरकाच्या प्रत्येक अंशाला १२५ मीटर. नऊ अंशांचा फरक म्हणजे सव्वाअकराशे मीटर. जोरदार टोर्नेडो बहुतेक तळ हजार मीटरच्या आसपास किंवा खाली असताना होतात. तळ दोन हजार मीटरवर असेल तर पाऊस कोरड्या हवेतून पडताना बाष्प होतो, हवा फार थंड होते, आणि मग काय बिघडतं ते त्याच संध्याकाळी दिसलं.

वारा : जमिनीवर आग्नेयेचा, एक किलोमीटरवर दक्षिणेचा, तीनवर नैऋत्येचा, सहावर पश्चिम-नैऋत्येचा आणि जमिनीवरच्यापेक्षा सेकंदाला २५ मीटरने जास्त. सुपरसेलसाठी, म्हणजे फिरत्या ऊर्ध्वप्रवाहाच्या मोठ्या वादळासाठी, जमीन ते सहा किलोमीटर या थरात साधारण २० मीटरचा फरक लागतो. एवढा फरक असला की पाऊस ऊर्ध्वप्रवाहाच्या डोक्यावर न पडता बाजूला पडतो आणि वादळ स्वतःचा गळा न दाबता तासन्‌तास जगतं.

वेग उंचीनुसार वाढत असेल तर हवेत आडवा पीळ असतो, पोळपाटावर पुढे सरकणाऱ्या लाटण्यासारखा. ऊर्ध्वप्रवाह हा पीळ खालून उचलतो, तो उभा होतो, आणि वादळाच्या मध्यभागी तीन ते सात किलोमीटर उंचीवर काही किलोमीटर रुंदीचा भोवरा तयार होतो, मेसोसायक्लोन. पुष्कळ लेखांत टोर्नेडोची गोष्ट इथेच संपवतात. ते बरोबर नाही. वर चढत चढत उभा झालेला पीळ तोपर्यंत जमिनीपासून दूर गेलेला असतो, आणि जमिनीजवळची हवा त्याने फिरत नाही. मेसोसायक्लोन झालेल्या वादळांपैकी बहुतेकांना टोर्नेडो होत नाही.

जमिनीपर्यंत फिरणारी हवा आणायला खाली येणारा प्रवाह लागतो. पावसाने थंड झालेली हवा आणि बाहेरची उबदार हवा यांच्या कडेला नवा आडवा पीळ तयार होतो. वादळाच्या मागच्या बाजूने उतरणारा प्रवाह त्याला खाली आणता आणता कलता करतो, आणि जमिनीजवळ उभ्या अक्षाभोवती फिरणारी हवा मिळते. पण ही हवा आता पुन्हा वर ओढली जायला हवी. ओढली गेली की ती आत आकसते आणि वेग वाढतो: एक किलोमीटर त्रिज्येवर सेकंदाला ८ मीटरने फिरणारी हवा शंभर मीटर त्रिज्येत आली तर हिशेबाने ८० मीटर, ताशी २८८ किलोमीटर. घर्षणात थोडं जातं. वर ओढायचं काम तळाजवळचं मेसोसायक्लोन करतं, कारण त्याच्या मध्यात दाब कमी असतो. जमिनीलगतच्या एक किलोमीटरमध्ये वारा जितका जोरात वळतो तितकं ते खाली आणि बळकट असतं. म्हणून अंदाजकर्ते सहा किलोमीटरच्या फरकावरून सुपरसेल ओळखतात आणि टोर्नेडोसाठी पहिल्या किलोमीटरकडे बघतात.

मागच्या प्रवाहाची हवा फार थंड असेल तर ती जड असते. कितीही ओढ असली तरी उचलली जात नाही, जमिनीवर पसरते आणि वादळाच्या पायाखालची उबदार हवा कापून टाकते.

पाचच्या सुमारास पॅम्पाच्या बाजूला पहिला ढग फुटला आणि ताशी ३५ किलोमीटरने ईशान्येला निघाला. उभं राहायची जागा वादळाच्या आग्नेयेला. तिथे पाऊस नसतो, गारा कमी असतात, आत जाणारा वारा पाठीवर येतो आणि ढगाचा कोरडा तळ समोर दिसतो. पूर्वेला आणि दक्षिणेला, दोन्हीकडे पक्का रस्ता मोकळा हवा. इथले मैलामैलावरचे कच्चे रस्ते नकाशावर सरळ दिसतात. दहा मिनिटं पाऊस पडला की त्या चिकणमातीत चाक फिरत राहतं आणि गाडी हलत नाही. नद्यांवर पूल मोजके, त्यामुळे कॅनेडियन नदीच्या कुठल्या बाजूला राहायचं ते आधीच ठरवावं. टाकी अर्धी झाली की भरायची.

कॅनेडियन गावाच्या दक्षिणेला यूएस-८३ वरून कोरडा तळ दिसला, त्याखाली उतरलेला ढगाचा भाग, म्हणजे वॉल क्लाउड, आणि तो फिरत होता. इथे नवखे फसतात ते तळाखालच्या फाटक्या ढगांच्या लोंबणाऱ्या बोटांना. बोटं फिरत नसतील तर ते नुसते थंड ओल्या हवेचे तुकडे. वॉल क्लाउड दहा मिनिटांहून जास्त टिकतो का, त्यात ढग झपाट्याने वर जातात का, आणि नैऋत्येकडून उजेडाची फट त्याला वळसा घालत येते का, हे बघायचं. ती फट म्हणजे मागचा प्रवाह उतरत असल्याची खूण.

फट आली. पाठोपाठ वारा फिरला आणि तापमान काही मिनिटांत २८ वरून १७ वर उतरलं. अकरा अंश. वॉल क्लाउड पंधरा मिनिटांत विरला. रडारवर मात्र हेच वादळ अजून भयंकर दिसत होतं, आणि त्याला कारण आहे: अमॅरिलोच्या रडारचा सर्वांत खालचा झोत अर्ध्या अंशाने वर असतो आणि पृथ्वी खाली वाकत जाते, त्यामुळे दीडशे किलोमीटरवर तो जमिनीपासून अडीच किलोमीटरवरून जातो. जिथे सगळं ठरतं तो थर त्याला दिसतच नाही.

दरम्यान दक्षिणेला, आय-४० च्या जवळ, दुसरं वादळ उभं राहिलं होतं. रांगेतलं दक्षिणेचं शेवटचं वादळ नेहमी लक्षात ठेवावं, कारण त्याच्याकडे येणारी हवा आधी कोणी वापरलेली नसते. तिकडे जाताना वादळाच्या तोंडासमोरून जावं लागतं. ते किमान तीस किलोमीटर दूर असतानाच जावं, नाहीतर पावसाच्या पडद्यात शिरून आकड्याच्या आत काय आहे हे न दिसता गाडी पुढे जाते. आकडा म्हणजे रडारवर वादळाच्या नैऋत्य कोपऱ्यात दिसणारी पावसाची वळलेली शेपटी.

या वादळाचा मागचा प्रवाह आला तेव्हा तापमान २७ वरून २४ वर आलं. तीनच अंश. वेळही अनुकूल होती: सातनंतर जमीन निवायला लागते, घर्षणाची पकड सुटते आणि अर्ध्या ते एक किलोमीटर उंचीवरचा दक्षिणेचा वारा जोर धरतो. सात चाळीसला वॉल क्लाउडखालच्या मोकळ्या कुरणावर धूळ गोल फिरायला लागली. ढगाची सोंड तेव्हा निम्म्यातच होती. टोर्नेडो त्या क्षणी सुरू झालेला असतो. सोंड म्हणजे दाब कमी झाल्याने थेंब होऊन दिसायला लागलेलं बाष्प, वारा त्याआधीच जमिनीवर असतो. 'अजून टेकला नाही' असं म्हणत जवळ जाणारे याच ठिकाणी चुकतात. आठ मिनिटं तो राहिला, शेवटी दोरीसारखा बारीक आणि वाकडा झाला. बारीक झाला म्हणजे कमजोर झाला असं नाही. दोरीतही खांब पाडायची ताकद असते.

दिवस चौथा : ग्रीन्सबर्ग

उत्तरेला कॅन्ससमध्ये. थंड हवेचा फ्रंट, म्हणजे तिची पुढे सरकणारी कड, खाली येत होता आणि वरचा वारा त्याला जवळजवळ समांतर. अशा वेळी एकेक वादळ सुटं राहत नाही, शेजारची एकमेकांत मिसळतात आणि रांग होते. वारा सीमेला मोठ्या कोनात छेदत असेल तरच वादळं सुटी राहतात. रांगेतही टोर्नेडो होतात, पण पावसात लपलेले, थोडा वेळ टिकणारे, आणि त्यांच्या मागे जाण्यात काही अर्थ नसतो. संध्याकाळ बघण्यासाठी मोकळी ठेवली.

यूएस-५४ वरचं ग्रीन्सबर्ग ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास गेलं. टोर्नेडोची रुंदी सुमारे २.७ किलोमीटर, गावाचा ९५ टक्के भाग उद्ध्वस्त. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून लागू झालेल्या सुधारित फुजिता मापनश्रेणीतला हा पहिला ईएफ-५, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा. रात्रीचा टोर्नेडो दिसत नाही, विजेच्या उजेडात क्षणभर दिसतो. तरी मृत्यू अकरावर थांबले ते वेळेवर निघालेल्या इशाऱ्यामुळे आणि तळघरांमुळे. गावातल्या हाताने खोदलेल्या जुन्या मोठ्या विहिरीच्या संग्रहालयात त्या रात्रीच्या वस्तू ठेवल्या आहेत.

दिवस पाचवा : डेन्व्हरच्या ईशान्येला

आतापर्यंतचे सगळे नियम बाजूला ठेवायचा दिवस. दवबिंदू जेमतेम ११, वरचा वारा मंद, सुपरसेल होण्याजोगं काहीच नाही. पण डेन्व्हरच्या दक्षिणेला पामर डिव्हाइड नावाची पूर्व-पश्चिम पसरलेली उंच जमीन आहे. आग्नेयेचा वारा तिला वळसा घालून येतो तेव्हा डेन्व्हरच्या परिसरात वारे समोरासमोर भिडणारी एक रेषा तयार होते आणि तिच्यावर उभ्या अक्षाभोवती फिरणारे लहान लहान भोवरे आधीच असतात, जमिनीलगत. त्यातल्या एखाद्याच्या नेमका डोक्यावर वाढता ढग आला की तो भोवरा वर ताणतो आणि लँडस्पाउट, म्हणजे सुपरसेलशिवायचा टोर्नेडो, होतो. मेसोसायक्लोन लागत नाही, खाली येणारा प्रवाह लागत नाही.

रडारला ते बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे इशारा कुणीतरी पाहून कळवल्यावरच निघतो. शोधायची जागा म्हणजे रेषेवरचा, सपाट काळ्या तळाचा, नुकताच वाढू लागलेला ढग. पाऊस पडायला लागला की बहुतेक वेळा त्याची वेळ संपलेली असते. धुळीची उभी नळी दिसली आणि वर ढगाला जोडलेली असेल तर तो टोर्नेडोच. वर ढग नसेल तर वावटळ.

दिवस सहावा परतीच्या रस्त्यात गेला. मागून थंड हवा, दवबिंदू ४, काही बघण्यासारखं नाही.

दिवस सातवा : मूर आणि एल रीनो

ओक्लाहोमा सिटीला लागून दक्षिणेला मूर. ३ मे १९९९ चा एफ-५ आणि २० मे २०१३ चा ईएफ-५ दोन्ही इथून गेले. २०१३ मध्ये इशारा दुपारी २:४० ला निघाला, टोर्नेडो २:५६ ला जमिनीवर आला. २४ जण गेले, त्यात प्लाझा टॉवर्स शाळेतली सात मुलं. १९९९ मध्ये तीन माणसं महामार्गाच्या पुलांखाली आसऱ्याला थांबली आणि तिथेच मेली. पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याचा वेग आणि उडणारा मलबा दोन्ही वाढतात. तरीही ही कल्पना लोकांच्या डोक्यातून जात नाही.

टोर्नेडोची श्रेणी वारा मोजून ठरत नाही, मागाहून नुकसान पाहून ठरते. पाहणीला २८ प्रकारच्या खुणा असतात: घर, शाळा, गोदाम, झाड, खांब. साध्या घराच्या सगळ्या भिंती पडल्या तर अंदाज ताशी २७४ किलोमीटर. पायाचा चौथरा धुतल्यासारखा स्वच्छ झाला तर ३२२, आणि तिथून ईएफ-५. पण बांधकाम कमजोर असेल तर तोच चौथरा २६६ लाही साफ होऊ शकतो. म्हणून पाहणी करणारे आधी वाकून भिंत चौथऱ्याला नटबोल्टने धरलेली होती की नुसत्या खिळ्यांनी, ते बघतात. बहुतेक घरांत आधी गॅरेजचं दार आत वाकतं, वारा आत शिरतो, छप्पर उचललं जातं आणि मग आधार गेलेल्या भिंती पडतात. मूरने २०१४ मध्ये नियम बदलून नवी घरं ताशी २१७ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकतील अशी बांधायला लावली, गॅरेजच्या दारांसकट. २०१३ च्या मूरनंतर ईएफ-५ हा शिक्का पुढे बारा वर्षं कुठल्याच टोर्नेडोला लागला नव्हता. जून २०२५ मध्ये नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळ झालेल्या टोर्नेडोला तो मिळाला.

एल रीनो तासाभराच्या आत. ३१ मे २०१३ चा टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद होता, नोंदलेल्यांत सर्वांत रुंद. विद्यापीठाच्या फिरत्या रडारने त्यात ताशी ४८० किलोमीटरच्या जवळपास वारा मोजला, पण तो बहुतांश शेतांवरून गेल्याने नुकसानीच्या खुणा कमी मिळाल्या आणि अंतिम श्रेणी ईएफ-३ राहिली. टोर्नेडोवर संशोधन करणारे टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग इथेच मृत्युमुखी पडले. समारास हे बेपर्वा पाठलाग करणारे नव्हते. २००३ मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांनीच टोर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून १०० मिलिबारची दाबघट मोजली होती. एल रीनोला टोर्नेडो अचानक डावीकडे, ईशान्येला वळला, वेग वाढला आणि त्याच वेळी काही मिनिटांत फुगला. पावसात गुंडाळलेला असल्याने त्याची कड कुठे आहे हे जवळून कळत नव्हतं. म्हणून अंतर ठेवायचं ते सोंडेपासून नाही, फिरणाऱ्या ढगाच्या पूर्ण तळापासून, आणि पावसात कड दिसेनाशी झाली की थांबून बघायचं नाही, दक्षिणेला निघायचं.

संध्याकाळच्या नकाशात फ्रंट मेक्सिकोच्या आखातात उतरलेला होता. किनाऱ्यावरचा दवबिंदू १२, समुद्रावर उत्तरेचा वारा. तो दक्षिणेचा होऊन ओला थर पुन्हा ओक्लाहोमापर्यंत पोहोचायला दोन ते चार दिवस लागतात. तोपर्यंत वरचा वारा कितीही चांगला असला तरी इथे गाडी काढू नये.